गाडी जिथे उभी असते, तिथे वीज द्या

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ जानेवारी २०२२ रोजी इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शहरात तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात एक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन, आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक, असे त्यात ठरले होते; २०२४ च्या नव्या सूचनांनी ही अंतरे आणखी कमी केली. महाराष्ट्र सरकारने २०२५ साली स्वतःचे नवे धोरण आणले, त्यातही राष्ट्रीय महामार्गांसाठी २५ किलोमीटरचाच हिशेब आहे. आता विदर्भाचा नकाशा समोर घ्या आणि त्यात घाटंजी, झरी जामणी, संग्रामपूर, एटापल्ली शोधा. ही गावे शहराच्या चौकोनात बसत नाहीत आणि त्या २५ किलोमीटरच्या साखळीतही नाहीत. धोरण आखणाऱ्याच्या डोळ्यापुढे दोनच माणसे होती: एक शहरात राहणारा आणि दुसरा एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारा. गावातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला रोज ये-जा करणारा तिसरा माणूस त्यात कुठे दिसत नाही.

मी तो तिसरा माणूस आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहतो आणि काही वर्षांपासून इलेक्ट्रिक कार वापरतो. एवढ्या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. ग्रामीण विदर्भाची पहिली गरज जलद चार्जर ही नव्हे. दिवसा गाड्या जिथे तासन्‌तास उभ्या असतात, त्या सरकारी आणि सार्वजनिक आवारांत १५ अँपिअरचे साधे, हळू चार्ज करणारे पण खात्रीचे पॉइंट हवेत. तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, एसटी स्टँड. हे काम स्वस्त आहे, लवकर होण्यासारखे आहे, आणि तरीही त्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

गाडी थांबवली की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न येतो, "फुल्ल चार्ज केली त किती जाते?" प्रश्न रास्त आहे, त्याचे खरे उत्तर दिले पाहिजे. माझी बॅटरी २४ युनिटची. अशा बॅटरीच्या गाडीसाठी कंपनीने चाचणीतला आकडा ३१५ किलोमीटर जाहीर केला होता. डिसेंबर-जानेवारीत, एसी बंद ठेवून, साध्या दुपदरी रस्त्याने एका युनिटमागे आठ किलोमीटरच्या आसपास मिळतात, म्हणजे एकूण १८० ते १९०. मे महिन्यात हेच दीडशेवर येते. उन्हाळ्यात रेंज घटते ती मुख्यतः एसीमुळे, आणि आमच्या रस्त्यांवर ती घट जास्त जाणवते. कारण एसी तासाच्या हिशेबाने वीज खातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने चाललात तर त्या तासाभरात चाळीसच किलोमीटर होतात आणि एसीची दीडेक युनिट तेवढ्याच अंतरावर पडतात. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा काच खाली करून चालवा असे कोणी सांगू नये. लहान मूल किंवा रुग्ण गाडीत असला तर ते शक्यच नसते.

पण दीडशे धरले तरी काय अडते? इथे ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, ते कृषी केंद्रवाले, शिक्षक जोडपी, डॉक्टर, बँकेतले लोक, त्यांचे रोजचे जाणे-येणे साठ-सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर असते. कागदावर हिशेब दोन दिवसांचा बसतो. प्रत्यक्षात बसत नाही, आणि त्याचे कारण बॅटरीत नाही. ते डीपीवर, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर आहे.

उद्या लाइन राहील की नाही याचा भरवसा नसला की माणूस गाडी कशी वापरतो ते पाहा. शहरातला गाडीवाला बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांवर येईपर्यंत निवांत चालवतो, कारण रात्री घरी जाऊन पिन लावली की सकाळी ती भरलेली असणार हे त्याला ठाऊक असते. गावातला माणूस चाळीस टक्क्यांच्या खाली जायला तयार नसतो. रात्री वाऱ्या-वावटळीत तार तुटली, डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडाला, तर सकाळी शाळा गाठायची आहे, घरात म्हातारी माणसे आहेत, अर्ध्या रात्री यवतमाळला न्यायची वेळ येऊ शकते. म्हणून तो खालचे चाळीस टक्के राखून ठेवतो. दुसऱ्या टोकाला, काही बॅटऱ्यांना रोज शंभर टक्के भरून उन्हात उभे ठेवणे मानवत नाही, त्यामुळे जाणता माणूस रोजच्या वापरात ऐंशी-नव्वदवर थांबतो. (लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला मात्र अधूनमधून पूर्ण भरावे लागते, नाहीतर पडद्यावरच्या टक्क्यांचा हिशेब चुकू लागतो.) राहिले काय? पैसे मोजून घेतलेल्या २४ युनिटांपैकी बारा. विजेच्या बेभरवशाने रेंज निम्मी केली. एसीने, खड्ड्यांनी, उन्हाने मिळूनही एवढी कमी केली नव्हती.

या बारा युनिटांवर उपाय म्हणून लोक मोठी बॅटरी सुचवतात. मोठ्या बॅटरीला काही लाख रुपये जास्त पडतात. महावितरणच्या तारेचा दोष झाकण्यासाठी खेड्यातल्या माणसाने ते लाख स्वतःच्या खिशातून भरावेत, हे मला मान्य नाही.

घरच्या चार्जिंगची परिस्थिती जवळून पाहण्यासारखी आहे. कायद्याने अडचण नाही. घरच्या किंवा कार्यालयाच्या जोडणीवरूनच गाडी चार्ज करता येते, असे त्याच २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. गाडीसोबत मिळणारा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर सव्वातीन किलोवॅटपर्यंत वीज ओढतो. रात्रभर लावला तर २४ युनिटची बॅटरी भरते. पण गावातल्या घराचा मंजूर भार बहुधा पंखे, दिवे, टीव्ही आणि कूलर धरून घेतलेला असतो. गाडी लागली की भार वाढवून घ्यावा लागतो, मीटरपासून सॉकेटपर्यंत जाड वायर ओढावी लागते. ते करता येते. त्यापुढची गोष्ट घरमालकाच्या हातात नसते. गावठाणाला ६३ केव्हीएची डीपी असेल आणि गावात दहा गाड्या एकाच वेळी लागल्या, तर निम्म्याहून जास्त डीपी गाड्यांनीच घेतली. आज दहा गाड्या नाहीत. पण उन्हाळ्याच्या रात्री सगळ्या घरांचे कूलर चालू असताना व्होल्टेज आधीच इतके खाली असते की पंखा रेंगाळतो, आणि अशा वेळी चार्जर हात आखडता घेतो किंवा बंदच पडतो. सकाळी उठून पाहावे तर बॅटरीत चार टक्के वाढलेले.

आणि अर्थिंग. याविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून मी थोडे जास्त लिहितो. चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो. ती बरोबर नसेल तर लाल दिवा दाखवतो आणि वीज घेत नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असते, काही घरांत तर तिसऱ्या पिनला न्यूट्रलचीच तार जोडून दिलेली असते. हे जिवाशी खेळणे आहे. जिथे खड्डा खणून नीट अर्थिंग केली आहे तिथेही एप्रिल-मेमध्ये त्रास होतो. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात इतकी सुकते की वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो, आणि हिवाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर मे महिन्यात अडून बसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी टाकणे हा त्यावरचा साधा इलाज. पण ज्या गावात मेमध्ये प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे खड्ड्यात बादल्या ओतायला सांगताना जीभ रेटत नाही. सार्वजनिक जागी एक चांगला रासायनिक अर्थिंगचा खड्डा केला आणि त्याची तपासणी एका जबाबदार माणसाकडे दिली, तर शंभर घरांचा हा प्रश्न एका जागी सुटतो.

"छतावर सोलर लावा" हा सल्लाही मिळतो. लावावाच. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि तीन किलोवॅटचे पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिट सहज देतात. पण ही यंत्रणा ग्रिडला जोडलेली असते. लाइन गेली की लाइनमनच्या सुरक्षेसाठी तिचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, आणि डोक्यावर रणरणते ऊन असताना घरात अंधार राहतो. शिवाय ज्याची गाडी दिवसा तालुक्याला उभी असते, त्याच्या छतावरची दुपारची वीज त्याच्या गाडीत जाणार कशी?

ग्रामीण विदर्भात मोटारी रात्री गावात असतात आणि दिवसा तालुक्याला. विजेचे नेमके उलटे आहे. रात्री ती महाग, अपुरी आणि कोळशाची. दिवसा स्वस्त, मुबलक आणि उन्हाची. वीज नियामक आयोगाने हे ओळखले आहे. टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा) असलेल्या घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. म्हणजे दर ठरवणारी संस्था सांगते आहे की दिवसा वापरा. पण नऊ ते पाच या वेळात आमची गाडी असते कुठे? पंचायत समितीच्या आवारात लिंबाखाली, शाळेच्या भिंतीला लागून, बाजार समितीच्या गेटपाशी. तिथे सॉकेट नाही. सवलत घरी आणि गाडी बाहेर.

एका गाडीच्या जागेवर टिनाऐवजी सोलर पॅनेलची शेड केली, तर अडीच-पावणेतीन किलोवॅटचे पॅनेल बसतात. दिवसाचे दहा-अकरा युनिट होतात, म्हणजे सत्तर किलोमीटर. गावाहून तालुक्याला जाऊन परत येण्याचे सगळे अंतर त्याच शेडमधून निघते, वर गाडीला सावलीही मिळते. ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या बॅटरीला जलद चार्जर लावला की आधी तिला थंड करण्यात वीज जाते आणि चार्जिंगचा वेगही उतरतो. सावलीत उभ्या गाडीला सहा तास हळूहळू दिलेली वीज बॅटरीलाही सोसते आणि डीपीलाही.

पीठगिरणीत दळणाचा डबा ठेवून माणूस बाजार करतो आणि परतताना दळण घेऊन जातो. चार्जिंगची सवय आमच्याकडे अशीच पडली पाहिजे. पेट्रोलपंपाची सवय वेगळी आहे, तिथे थांबावे लागते आणि भरले की निघावे लागते. सगळे धोरण त्या पंपाकडे पाहून आखले गेले, म्हणून त्यात वेगाला एवढे महत्त्व आले.

सेवाग्रामचे उदाहरण घ्या. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या खेड्यांतून माणसे कस्तुरबा रुग्णालयात येतात. घाटंजीहून सेवाग्राम जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या वर होते. माझ्या गाडीला एका चार्जमध्ये ते झेपत नाही. जलद चार्जरवाला म्हणेल, वाटेत तासभर थांबा. पण रुग्णाला घेऊन तासभर वाटेत थांबणे म्हणजे काय, ते ज्याने केले आहे त्याला विचारा. उलट रुग्णालयात पोहोचल्यावर चिठ्ठी काढणे, तपासणी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, औषधे यात सहा तास जातातच. तेवढ्या वेळात सव्वातीन किलोवॅटच्या साध्या पॉइंटवर वीसच्या जवळपास युनिट मिळतात, आणि परतीचा प्रवास निर्धास्त होतो. रुग्णाचा एक मिनिट वाया जात नाही. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये असे वीस पॉइंट लावण्याचा खर्च एका मोठ्या जलद चार्जरच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

जलद चार्जरच्या मी विरोधात नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ते हवेतच, नागपूर-अमरावती-अकोला रस्त्यावर हवेत, तुळजापूर-बुटीबोरी मार्गावरही हवेत. पण तालुक्याच्या गावी त्यांचे काय होते ते मी पाहिले आहे. मशीन बसते, फलक लागतो, उद्घाटन होते. दिवसाला एखादी गाडी येते, कंपनीला परवडत नाही, देखभाल सुटते. मग कधी पडदा काळा, कधी नेटवर्क नसल्याने ओटीपी येत नाही, कधी अॅपमध्ये "उपलब्ध" दिसते आणि मशीनवर धूळ. साध्या पॉइंटमध्ये बिघडायला फारसे काहीच नसते: जाड वायर, चांगले सॉकेट, एमसीबी, गळती पकडणारा ब्रेकर आणि मीटर. गावातला इलेक्ट्रिशियन तो अर्ध्या तासात दुरुस्त करतो.

आणि त्या जलद मशीनचा उपयोग फक्त मोटारीला. साध्या पॉइंटवर स्कूटर लागते, ई-रिक्षा लागते, भाजीपाला आणणारी तीनचाकी लागते. गावांत इलेक्ट्रिक मोटारींपेक्षा स्कूटर कितीतरी जास्त आहेत. तेव्हा "चार गाड्यांसाठी सरकारी पैसा का?" या प्रश्नाचे उत्तर पॉइंट कोणता बसवता यावर ठरते.

याहून जड आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. तो विचारतो, "आमच्या पंपाले दिवसा लाइन नाही, रातच्याला सापा-विंचवात वावरात जा लागते, अन तुमच्या मोटारीले दिवसा वीज पायजे?" पंप आणि मोटार यांत निवड करायची वेळ आली तर पंप आधी, यात मला शंका नाही. पण ती वेळ येत नाही. पंप कृषी फीडरवर, म्हणजे शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर असतात, तहसील आणि रुग्णालय गावठाणाच्या किंवा शहराच्या फीडरवर. पंपाला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तिच्या सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी होते. ते काम वेगाने पूर्ण व्हावे ही शेतकऱ्याची मागणी आहे आणि माझीही. ओलिताचा जोर रब्बीत, गहू-हरभऱ्याच्या दिवसांत असतो. मार्च उलटला की बऱ्याच विहिरी तळाला जातात, पंप थांबतात, आणि सौर प्रकल्पांचे ऊन सर्वांत जास्त असते तेही तेव्हाच. त्या दिवसांतली दुपारची वीज आमच्या तालुक्याच्या गावांतच वापरली जायला हवी.

हे मी हक्काने म्हणतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे, तिरोड्याचे ३,३०० चे, मौद्याचे २,३२० चे. शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस. राज्याला उजेड देणाऱ्या कोळशाची राख विदर्भाच्या अंगणात पडते. तिच्या शेजारच्या गावांनी धूळ श्वासात घेतली, कोळशाच्या गाड्यांनी रस्ते उखडलेले पाहिले. त्याच विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात एक १५ अँपिअरचा पॉइंट मागणे, ही फार मोठी मागणी नाही.

मग करायचे काय? एसटी महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बसगाड्यांचा करार केला होता. इलेक्ट्रिक बस ज्या आगारांत येतील तिथे उच्चदाबाची वाहिनी आणि मोठा ट्रान्सफॉर्मर येणारच. त्याच वेळी आवाराच्या बाहेरच्या भिंतीला सहा-आठ साधे पॉइंट काढून ठेवावेत. नंतर वेगळे काम काढले तर खर्च कितीतरी वाढेल. ग्रामीण रुग्णालये आणि पंचायत समित्यांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीत तरतूद करता येते. बाजार समित्यांचे स्वतःचे उत्पन्न असते, त्यांनी कुणाची वाट पाहू नये. चार्जिंगसाठी आयोगाने २०१८ पासूनच वेगळा दरगट ठेवला आहे, म्हणजे वेगळे मीटर घेऊन हिशेब स्वच्छ ठेवता येतो. वसुलीसाठी अॅप नको. सबमीटर, भिंतीवर क्यूआर कोड, आणि पार्किंग सांभाळणारा एखादा माणूस पुरे. ते काम महिला बचत गटाला दिले तर युनिटमागे रुपया-दोन रुपये गटाला राहतील आणि पॉइंट चालू राहण्यात कुणाचा तरी फायदा असेल. बंद पडलेल्या यंत्राची तक्रार करायला मग कुणाला सांगावे लागणार नाही.

दर आणि वेळ मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावी. खाली ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचे नाव, लाइनमनचा नंबर, आणि अर्थिंग शेवटची कोणत्या तारखेला तपासली ती तारीख.